शून्य वाफ्याचा उसासा

१

"माती मरत नाही, ती फक्त उसासा टाकते." हे वाक्य प्रयोगक्षेत्राच्या फाटकावर संगमरवरात कोरलेलं होतं, आणि ते सिद्ध करण्यात चार विद्वानांची आयुष्यं अन् शंभरेक हंगाम खर्ची पडले होते. संगमरवराच्या खाली पत्र्याची पाटी होती : 'येथे वाहने लावू नयेत.' पाटीच्या खाली संचालकांची गाडी उभी असे.

गाडीला वळसा घालून आत शिरलेल्या माणसाचा हुद्दा चौकशी अधिकारी असा होता. चष्म्याच्या काचा जाड म्हणून मुख्यालयात त्याला पाठीमागे सगळे 'भिंग' म्हणत. अलीकडे तोंडावरही म्हणू लागले होते. हरवलेल्या फायली, आपोआप पेटलेली गोदामं आणि उद्घाटनानंतर न सापडलेली एक विहीर, अशा अनेक प्रकरणांचा त्याने छडा लावला होता. म्हणजे अहवाल लिहिले होते. प्रत्येक अहवालाचं शेवटचं वाक्य एकच असे : 'कोणीही दोषी आढळले नाही.' या एका वाक्यावर त्याने दोन बढत्या कमावल्या होत्या. शेतीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून या प्रकरणात तो निःपक्षपाती ठरला होता.

"चपला काढा," शून्यबाई म्हणाल्या. "नळावर पाय धुवा. टाचेच्या भेगासुद्धा."

शून्यबाई म्हणजे प्रयोगाच्या प्रमुख. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. एका ओळीत बारा वाफे होते. कोणाला शेणखत, कोणाला पोत्यातलं खत, कोणाला दोन्ही. ओळीच्या टोकाला, वेगळ्या कुंपणात, कुलपाआड, शून्य वाफा. त्याला प्रयोग सुरू झाल्यापासून कोणी काहीही दिलं नव्हतं. ना शेण, ना राख, ना दयामाया. बाकीच्या अकरा वाफ्यांना खत घालून किती फायदा झाला हे मोजायचं, ते या उपाशी वाफ्याच्या तुलनेत. त्याचं कुदळ-फावडं वेगळं. शेजारच्या वाफ्यातली माती तळव्याला चिकटून जाऊ नये म्हणून आत शिरायचं ते पाय धुऊन.

भिंगाने ओल्या पायांनी आत जाऊन पाहिलं. यंदा वाटाण्याची पाळी होती. वाफाभर पिवळट, वीतभर, रोगट झुडपं. आणि मधोमध एक पट्टा गुडघाभर उंच, गर्द हिरवा, शेंगांनी लगडलेला.

"छान आलंय की," तो म्हणाला.

प्रेताच्या अंगावरच्या कपड्यांची तारीफ केल्यासारखं बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"खून आहे हा, साहेब. कोणीतरी याला खाऊ घातलंय."

"संचालक म्हणतात, तुमचा तो उसासा असेल."

"संचालक मत्स्यखात्यातून आलेत," बाई म्हणाल्या. मग, न आवडणारा पाहुणा बसूनच राहिला की चहा टाकतात तशा, त्या समजावून सांगू लागल्या. उपाशी मातीचं पीक वर्षानुवर्षं घसरत जातं. पण या वाफ्यात दर वीस-पंचवीस वर्षांनी ते आपोआप जरासं सावरतं. बाहेरून काही न मिळता. यालाच म्हणतात मातीचा उसासा. जगभरच्या पुस्तकांत त्यावर एक प्रकरण आहे. ज्यांच्याजवळ जमिनीला द्यायला काही नाही, त्यांच्यासाठी ते एकच आशेचं प्रकरण. आजवर असे तीन उसासे नोंदले गेले होते, आणि तिसऱ्यावर बाईंनी डॉक्टरेट मिळवली होती. "पण उसासा सगळ्या वाफ्यात पसरून येतो. अगदी हळू. त्याला असा आकार नसतो."

आकार खरोखरच होता. एका बिंदूपासून निघून पसरत गेलेला, उघडलेल्या पंख्यासारखा.

बाईंनी खोलीत नेऊन त्याला कागदावर तो काढून दिला. टेबलावर फिरकीच्या झाकणाचा एक गोल स्टीलचा डबा होता. त्यावरचा चिकटवलेला कागद अर्धवट खरवडलेला, आत पेन्सिली. त्यातली एक काढून बाईंनी टोक केलं.

"परवा नियामक मंडळाची बैठक आहे. वाफा बाटला असेल तर प्रयोग बंद, हे त्यांचं ठरल्यात जमा आहे. पण काय पडलं, किती पडलं आणि एकदाच पडलं, एवढं कळलं तर तळटीप देऊन पुढे जाता येतं. जुने प्रयोग तळटिपांवरच उभे असतात. मला माणूस शोधून द्या, साहेब. मग तो कोणी का असेना."

आजवर भिंगाला माणूस शोधू नका असंच सगळ्यांनी सुचवलेलं होतं.

इतक्यात दारात मुकादम येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी हातात.

"साहेब, सांगून टाकतो. गोदामात एक पोतं कमी आहे."

२

"पोतं मीच नेलं," मुकादम म्हणाला. "घरी भोपळे लावलेत. त्यांना घातलं."

"अहो, चौकशीत असं लगेच कबूल करायचं नसतं."

"मग किती वेळानं करायचं?"

भिंगाने मुकादमाला एक मूठ वाळू दिली आणि खत कसं टाकता ते दाखवायला सांगितलं. मुकादम चालू लागला. पाऊल आणि हात एका तालात, वाळूची सारखी झालर पडत गेली. इतक्या वर्षांची सवय. ठरवूनही त्याला एका जागी उभं राहून पंखा काढता आला नसता.

"कुंपणाच्या किल्ल्या कोणाकडे?"

"दोनच. एक बाईंकडे, एक संचालकसाहेबांकडे. पण बाईंवर संशय घेऊ नका हां. आधीच खंगल्यात बिचाऱ्या. सर गेल्यापासून धड जेवत नाहीत."

"सर म्हणजे?"

"बाईंच्या आधीचे प्रमुख. मोठा माणूस. अंगानंही मोठा; खुर्ची दोनदा बदलावी लागली होती. गेल्या साली वारले. ना मूल, ना बाळ. दवाखाना, औषधपाणी, शेवटचं सगळं बाईंनीच निभावलं. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं."

संचालकांच्या दाराबाहेर भिंगाला बराच वेळ बसवून ठेवण्यात आलं. समोरच्या भिंतीवर प्रयोगाच्या आजवरच्या चार प्रमुखांचे फोटो होते. खाली जन्म-मृत्यूची सालं. चौथ्या फोटोची चौकट कोरी करकरीत, खिळ्याभोवतीचा चुनासुद्धा ताजा. वर शून्य वाफ्याच्या उत्पन्नाचा भलामोठा आलेख टांगला होता. उतरणीला लागलेली रेघ, तीन ठिकाणी किंचित उचललेली, पाठीला पोक आल्यासारखी. दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे भिंगाने आलेखावरचीही सालं वाचून काढली.

"किल्ली ना? ही घ्या," संचालकांनी खणातून एक पुडी काढली. कागद किल्ली मिळाली तेव्हाचाच, लाखेचा शिक्का शाबूत. "मी आत कधी गेलोच नाही. पाय धुवावे लागतात म्हणे."

"वाफा बंद झाला तर फायदा तुमचा आहे, असं लोक म्हणतात."

"बरोबरच म्हणतात." संचालकांनी अभिमानाने नकाशा पसरला. बारा वाफ्यांच्या जागी वाहनतळाच्या पांढऱ्या रेघा होत्या. शून्य वाफ्याच्या जागी 'केवळ संचालकांसाठी'. "पण मारायचाच असता तर मी वाफा कशाला मारीन हो? बजेट मारीन. मारलंच आहे."

हे इतकं सरळ होतं की भिंगाला लिहून घ्यायला काही उरलं नाही.

"बाईंना वाईट वाटेल," तो उगाच म्हणाला.

"त्यांनाही जागा देऊ की. सावलीतली."

भिंग उठला, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. संचालकांनी ऐकलं, भुवया उंचावल्या आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"तुमच्यासाठी आहे. कोणीतरी गुन्हा कबूल करतोय."

३

कबूल करणारा खतवाला होता. एका खत कंपनीचा फिरता विक्रेता. तो हातात बॅग, चेहऱ्यावर पश्चात्ताप आणि बॅगेत छापील पत्रकं घेऊन आला. पत्रकावर त्या हिरव्या पट्ट्याचा कुंपणाबाहेरून काढलेला फोटो होता आणि खाली ठळक अक्षरं : 'जिथे शंभर वर्षं काही उगवलं नाही, तिथे आमचा दाणा पोचला!'

"मीच केलं, साहेब. लिहून घ्या. कंपनीचं नाव सांगू? स्पेलिंगसकट सांगतो."

"आत कसे गेलात?"

"उडी मारून."

भिंगाने त्याच्या पोटाकडे पाहिलं. खतवाल्याने पोट आत घेतलं.

"कधी टाकलंत?"

"परवाच! परवा टाकलं नि आज हिरवं. हेच तर आमचं वैशिष्ट्य."

"दाखवा बरं तुमचं खत."

खतवाल्याने नमुन्याची पुडी फोडली. मोहरीएवढे जाडसर, गोल दाणे. भिंगाने मूठभर घेऊन अंगणात उभ्यानेच भिरकावले. दाणे सरळ जाऊन टपटप पडले. वाऱ्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाफ्यातला पंखा मात्र वाऱ्याच्या दिशेने कलत, विरळ होत गेला होता. जे काही पडलं होतं ते पिठासारखं बारीक होतं, आणि फेकणारा एका जागी उभा होता. ज्याला खत टाकायची सवय नाही असा, किंवा ज्याला त्या घडीला दोन पावलंही टाकवत नव्हती असा.

"तुम्ही निर्दोष आहात," भिंग म्हणाला.

"असं करू नका हो साहेब," खतवाला रडकुंडीला आला. "पत्रकं छापून झालीत."

त्याला वाटेला लावून भिंगाने मेव्हणीला फोन लावला. ती शेजारच्या गावी माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती आणि पट्ट्यातल्या मातीची पिशवी त्याने सकाळीच एसटीने तिच्याकडे धाडली होती. सरकारी मार्गाने पाठवली असती तर उत्तर यायला पुढचा उसासा उजाडला असता.

"भाऊजी, ताईला सांगून ठेवा, हे काम मी तिच्या तोंडाकडे बघून केलंय. तुमच्या नाही."

"सांगतो. काय निघालं?"

"नत्र होतं तेवढंच आहे. वाटाण्याला ते लागतही नाही म्हणा. तो आपलं आपण हवेतून घेतो. गंधक नाही. स्फुरद मात्र भरमसाट. आणि चुना."

"मराठीत सांग."

"मराठीतच सांगतेय. इंग्रजीत हवं तर फॉस्फरस. तुमचं डोकं कुठे आहे? पोत्यातलं स्फुरद घेतलं की त्याच्याबरोबर एक तर नत्र येतं, नाहीतर गंधक. इथे दोन्ही नाही. हाडाचा चुरा म्हणावं, तर त्यातही थोडं नत्र असतं. ते जळून गेलंय. म्हणजे हाडच आहे हे, पण भट्टीतून निघालेलं. कडक जाळून, बारीक करून."

"कोणाचं हाड?"

"ते काय माती सांगते? बैलाचं असेल, बकरीचं असेल..." ती मध्येच थांबली. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तिथलं कोणी बेपत्ता नाही ना?"

४

बेपत्ता कोणी नव्हतं. सगळे जागच्या जागी होते, हीच तर त्या संस्थेची अडचण होती. जागेवर नसलेला माणूस एकच. आणि त्याला नुकतंच नव्या चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं होतं.

भिंग शून्यबाईंच्या खोलीत गेला तेव्हा त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. लिहायला काही नव्हतं, तरी.

"सापडला?" त्यांनी विचारलं. आवाजात इतकी आशा होती की त्याला परत फिरावंसं वाटलं. खुर्चीवर बसत त्याने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"बाई, या डब्यात आधी काय होतं?"

"कुठल्या?"

"पेन्सिलींच्या."

बाईंनी डब्याकडे पाहिलं. खरवडलेल्या कागदावर विद्युतदाहिनीचा शिक्का आणि अर्धा क्रमांक अजून शिल्लक होता.

"सर होते," त्या म्हणाल्या.

बाईंच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. भिंगाने आयुष्यात अनेक अपराध्यांचे चेहरे पाहिले होते. कोणाला घाम फुटे, कोणाला एकदम साहेबांच्या मुलाबाळांची आठवण येई. शिकलेली गोष्ट आपल्याच तोंडून पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता.

"पेरणीच्या आधी," त्या म्हणाल्या. "वारा होता. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि... पुढे पाऊल टाकवेना हो. तिथूनच दिलं सोडून. पाय धुतले होते मी. चांगले घासून."

"धुतले असणारच."

"हाडात स्फुरद असतं हे मी मुलांना पहिल्या तासाला सांगते, साहेब. बत्तीस वर्षं सांगतेय. त्यातलं एक पोरगं झोपेतून उठवून विचारलं असतं, तर त्यानंही सांगितलं असतं. पण मी त्यांना खत म्हणून कधी पाहिलंच नाही."

भिंगाने मान हलवली. यावर हलवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आणि मग त्याच्या देखत एक विलक्षण गोष्ट घडली. बाईंचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी दुसरी पेन्सिल घेतली.

"अडीच किलोच्या आसपास. सर अंगाने थोराड होते. त्यातलं स्फुरद साधारण... हे काढता येईल. जागा माहीत, वेळ माहीत. आणि एकदाच." त्या भराभर आकडे मांडू लागल्या. "तळटीप होते, साहेब! माझी नोकरी जाईल, जाऊ दे. लोक हसतील, हसू देत. प्रयोग वाचतो. सर वाचतात. उसासा वाचतो."

"म्हणजे संपलं?"

"संपलं."

भिंगाला उभ्या नोकरीत पहिल्यांदा दोषी माणूस सापडला होता, आणि वर त्याचं त्या माणसाला बरंच वाटत होतं. अशा वेळी शहाण्या माणसाने उठून नमस्कार करावा आणि गाडी पकडावी. पण सकाळी संचालकांच्या दाराबाहेर वाचलेली सालं त्याच्या डोक्यातून जात नव्हती. रिकामा बसला की माणूस नको ते वाचतो.

"ही कल्पना सरांचीच?"

"हो. शेवटच्या आजारात म्हणाले. म्हणाले, कोणाला बोलू नकोस, वेड्यात काढतील. जन्मभर ज्या वाफ्याला काही दिलं नाही, तिथेच मला ठेव."

"आणि त्यांच्या आधीचे जे तिसरे प्रमुख, त्यांचं शेवटचं कोणी केलं?"

"सरांनीच. ते सरांचे गुरू. त्यांनाही कोणी नव्हतं. या कामात कोणाला कोणी उर..."

बाईंची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती तिथेच राहिली.

५

माती ठेवायची खोली मागच्या बाजूला होती. खिडक्यांना काळा कागद, भिंतीला भिंतभर मांडण्या, आणि मांडण्यांवर बरण्या. शून्य वाफ्याची दरवर्षीची पसाभर माती, पहिल्या वर्षापासून. लोक घरात वडीलधाऱ्यांचे फोटो पुसतात तशा बाई या बरण्या पुसत. एकीवरही धूळ नव्हती.

"आलेखावर तिसरा उसासा कुठे सुरू होतो, बाई?"

त्यांना सांगायची गरज नव्हती. चारशे पानं लिहिली होती त्यांनी त्यावर. त्यांनी तिसऱ्या प्रमुखांच्या मृत्यूच्या आधीच्या वर्षाची बरणी काढली आणि नंतरच्या वर्षाची. दोन्हींतली चिमूट-चिमूट माती काळ्या कागदावर पसरली.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. दिसत नव्हतं की पाहवत नव्हतं, ते भिंगाने विचारलं नाही. त्याने आपला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. आता त्याला स्वतःला बाई म्हणजे नुसता एक करडा ढग दिसत होत्या, आणि ते एका अर्थी बरंच होतं.

ढग पहिल्या चिमटीवर वाकला. "काही नाही." दुसऱ्या चिमटीवर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"पांढरे कण आहेत," बाई म्हणाल्या. "तिळाहून बारीक. चुनखडी म्हणून सोडून दिले असणार मी. दोनदा चाळली होती ही माती."

मग त्यांनी दुसऱ्या प्रमुखांच्या बरण्या काढल्या. आधी : काही नाही. नंतर : पांढरे कण. शेवटी स्टुलावर चढून त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरच्या, संस्थापकांच्या, म्हणजे पहिल्या प्रमुखांच्या, काळातल्या काढल्या. त्या त्यांच्याने उघडेनात. म्हणून झाकण भिंगाने उघडलं, आणि मातीही त्याला न दिसता त्यानेच पसरली.

"आहेत," बाई म्हणाल्या.

हिशेब आता साधा होता, आणि तो भिंगालाही जमला. संस्थापक गेले, त्यांच्या शिष्याने त्यांना वाफ्यात सोडलं. पहिला उसासा. शिष्य गेला; दुसरा. त्याचा शिष्य गेला, तिसरा. प्रत्येकाने शेवटच्या आजारात एकाच माणसाच्या कानात सांगितलं, कोणाला बोलू नकोस म्हणून बजावलं, आणि ही इच्छा जगात आपल्यालाच सुचली अशा समजुतीत डोळे मिटले. प्रत्येकाने पाय धुतले असणार. आधीच्यांनी नीट फिरून पसरवलं. बाई रडत उभ्या राहिल्या म्हणून यंदा आकार दिसला, एवढाच फरक.

"तिसरे बारीक चणीचे होते म्हणतात," बाई चष्मा परत करत म्हणाल्या. "म्हणून तिसरा उसासा लहान आलाय. मी चारशे पानांत त्याची पाच कारणं दिलीत. त्यातलं एक सूर्यावरच्या डागांचं आहे."

भिंगाने चष्मा चढवला. ढगाची पुन्हा बाई झाली. पण सकाळपेक्षा बरीच म्हातारी.

"म्हणजे उपाशी माती आपोआप सावरत नाही?"

"नाही."

"कधीच?"

"आपल्याकडे तरी तसा काही पुरावा नाही," त्या म्हणाल्या. "पुरावा म्हणून होतो ते आम्हीच होतो."

६

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दोघं समोरासमोर बसले. मधे चहा होता, त्यावर साय धरली तरी कोणी हात लावला नाही.

"बरण्यांचं कोणाला ठाऊक नाही," भिंग म्हणाला. "मी आणि तुम्ही. सरांचं मी लिहितो, तळटिपेत बसेल असं. बाकीच्यांबद्दल मला कोणी विचारलेलंच नाही. न विचारलेलं न लिहिण्यात माझा हातखंडा आहे, बाई. विचारा कोणालाही."

पलीकडच्या टेबलावर खतवाला कॅन्टीनवाल्याला पत्रकं देत होता. कॅन्टीनवाला ती टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घालायला घेत होता.

"मी सांगून ठेवलंय भाचीला," बाई म्हणाल्या. "माझंही तिथेच करायचं म्हणून. कोणाला बोलू नकोस, असंही बजावलंय. तीही याच विषयात आहे. हुशार आहे." त्यांनी साय चमच्याने बाजूला केली. "अजून वीसेक वर्षांनी चौथा उसासा नोंदेल. माझ्यावर चारशे पानं लिहील."

"मग?"

"मग काय. शून्य म्हणजे शून्य, असं शिकवत आलेय मी. पंधरा वर्षं ते होतंही तसं, संस्थापक जिवंत होते तोवर. पुढचं सगळं आम्ही एकमेकांना खाऊ घातलं त्याला." त्या उठल्या. "तुम्ही खरं ते लिहा, साहेब. बैठकीत मी सांगते. बरण्या नेते. त्या ओळीने मांडल्या की बोलावं फारसं लागणार नाही."

भिंगाने रात्रभर खपून नव्हे, पण दुपारची झोप मोडून अहवाल लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शेवटच्या वाक्यात दोषी आढळले होते. एकूण चार, पैकी तीन मयत. चौथ्या दोषीने चौकशीस संपूर्ण सहकार्य केलं, हेही त्याने लिहिलं. मग ते वाक्य पुरेसं नाही असं वाटून 'अत्यंत' हा शब्द घातला.

बैठकीला बाई सात बरण्या मांडीवर घेऊन बसल्या. टेबलावर ठेवायला गेल्या तर अध्यक्ष म्हणाले, "कृपया, तिथे चहा येणार आहे." चौकशीचा विषय यादीत नववा होता. वाहनतळाचा तिसरा. तिसऱ्या विषयावर कोणाचंच दुमत नव्हतं. एका सदस्याने फक्त सावलीची चौकशी केली. नववा विषय आला तेव्हा बाई उभ्या राहिल्या. घसा साफ केला. सगळ्यात जुनी बरणी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती.

"बसा, बसा," अध्यक्ष म्हणाले. "वाफाच राहिला नाही, तर त्याची चौकशी कसली? विषय निकाली." आणि दहाव्याकडे वळले.

बाई उभ्याच होत्या. त्यांना कोणीतरी पाणी दिलं. दाराजवळच्या खुर्चीवरून भिंगाने, नियमात बसत नसताना, हात वर केला. आपल्याला बोलायचं आहे हे त्याला स्वतःलाही हात वर गेल्यावरच कळलं.

"तुमचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"यात दोषी सापडलेत, साहेब. अहवालात आहे."

"अरे वा. अभिनंदन," अध्यक्ष म्हणाले, आणि दहावा विषय मंजूर झाला.

अहवाल न उघडता परत आला. बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. जाताना बरण्या कोणाच्या ताब्यात द्यायच्या हे विचारणारा अर्ज त्यांनी केला. त्यावर उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी खोलीला कुलूप लावून किल्ली मुकादमाकडे दिली. मुकादमाने ती भोपळ्यांच्या मांडवाला टांगून ठेवली आहे. भाचीला त्यांनी काय सांगितलं ते कळलं नाही. फाटकावरचा संगमरवर तसाच आहे. खालची पाटी तेवढी काढली.

डांबर टाकायच्या आधी वाटाणे काढण्यात आले. शून्य वाफ्यातला माल वजन करून नेहमीप्रमाणे कॅन्टीनला दिला. यंदाचे जरा गोड आहेत, असं कॅन्टीनवाला म्हणाला. पण ते तो दरवर्षी म्हणतो.